मंजिरीची फ्रेम

उत्तमराव एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले, तेव्हा ओळखीच्यांना वाटलं, आता हा माणूस घरात बसून बायकोचं डोकं खाणार. पण बायको घरात असली तर ना! सत्यभामाबाई दिवसभर फुलांच्या दुकानात. अकोल्याच्या बाजारातलं ते दुकान त्यांनीच उभं केलेलं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांच्या हातात गजरा ओवून व्हायचा, आणि तो कधी झाला हे समोरच्याला कळायचंही नाही.

मग त्या हातांना कंप सुटला. आधी उजव्याला, नंतर थोडा डाव्यालाही. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हा आजार सावकाश चालतो, धीर सोडू नका, म्हणून सांगितलं. बाईंनी धीर सोडला नव्हता. पण एका लग्नसराईत, दुकानात गर्दी असताना, एका नवरीच्या मामीने त्यांच्या हातातली अर्धी वेणी पाहिली आणि सगळ्यांदेखत म्हटलं की राहू द्या बाई, तुमच्याच्यानं नाही होत आता, पोराला करू द्या. बाई त्या दिवशी लवकर घरी आल्या, त्या पुन्हा गेल्याच नाहीत. दुकान मुलगा शेखर पाहू लागला. बाई पलंगावर बसून राहत, हात पदराखाली घेऊन.

उत्तमरावांना ते बघवत नसे. बघवत नसे म्हणून ते मध्ये हात घालत. बशीतला चहा हिंदकळला की "दे इकडे". सुईत दोरा जाईना की "दे इकडे". भाजी निवडायला घेतली तरी तेच. मायेपोटीच होतं सगळं, पण हळूहळू बाईंनी हातात काही घेणंच सोडून दिलं.

मुलगी करिश्मा अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. उन्हाळ्यात एकदा घरी आली असताना तिने बाबांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लाकडी फ्रेममध्ये पक्ष्याचं एक पीस होतं आणि ते पाण्यात असल्यासारखं संथ डुलत होतं. पीस खरं तर फार वेगाने थरथरतंय, करिश्माने समजावलं, आणि फ्रेमच्या कडेचे लाइट जवळजवळ तितक्याच वेगाने, पण किंचित मागे राहून, उघडझाप करतायत. लाइट लागेल तेवढंच डोळ्याला दिसतं, म्हणून ते हळू वाटतं. उत्तमरावांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मनात काय आलं ते बोलले नाहीत. हे आपण घरीच बनवू, एवढंच म्हणाले.

मग ते झपाटल्यासारखे लागले. जुन्या रिलेमधली, वीज दिली की लोखंड ओढणारी कॉइल काढली. तुटलेल्या मेजरटेपची पोलादी पट्टी कापून तिच्यासमोर बसवली, म्हणजे कॉइल ओढेल-सोडेल तशी पट्टी थरथरेल. फळीची खोल चौकट ठोकली, आत काळं कापड लावलं, कडेने एलईडीची माळ फिरवली. करिश्मा रविवारच्या गाडीने येऊन छोटा बोर्ड जोडून गेली. त्याला दोन गोल बटणं होती, एक पट्टीचा वेग ठरवायला, दुसरं लाइटचा.

आता पट्टीवर लावायला काहीतरी हवं होतं. पीस कुठून आणणार? पण फुलं घरचीच होती. उत्तमरावांनी शेखरकडून गुलाब मागवला. सुरू करताच पाकळ्या गळून पडल्या. शेवंती इतकी जड, की पट्टी जागची हलेना. मोगऱ्याची काडी फेविक्विकने चिकटवली, ती कडक होऊन मोडली. भर दुपारी खिडक्या लावून, वाऱ्याने फूल हलू नये म्हणून कूलरही बंद करून, ते घामाने निथळत बसले होते.

पलंगावरून बाई बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"गुलाब अन् मोगरा काहून लावून राहिले? हलकं अन् चिवट पाह्यजे. तुळशीची मंजिरी आना."

उत्तमरावांनी अंगणातून मंजिरी खुडून आणली. चिकटपट्टीने लावली, तर निसटली. ते पुन्हा फेविक्विककडे वळले, तशा बाई उठून टेबलाशी आल्या.

"थे नका लावू. दोऱ्यानं बांधा लागते."

उत्तमरावांनी दोरा गुंडाळून पाहिला. आयुष्यभर वायरी जोडणारा माणूस, पण गाठ घट्ट केली की देठ चेचायचा आणि सैल ठेवली की मंजिरी गळायची. बाईंनी गजऱ्याच्या दोऱ्याचं रीळ पुढे ओढलं. टोक ओठात धरून ओलं केलं. उजवा हात पट्टीपाशी नेला, आणि तो जोरात थरथरू लागला. दोरा निसटला. पुन्हा घेतला, तेव्हा मंजिरीच खाली पडली.

उत्तमरावांचा हात आपोआप पुढे झाला. "दे इ..."

"माह्या हातातलं काढू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "टाइम लागन. लागू द्या."

उत्तमरावांनी हात मागे घेतला. तो गप्प बसेना, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. बसची बंद पडलेली मोटर खोलून जोडणं त्यांना सोपं गेलं असतं, हे बसणं जड गेलं. बाईंनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. दोऱ्याचा एक वेढा, दुसरा वेढा, मग डाव्या अंगठ्याखाली छोटा फास, त्यातून टोक. तो फास कितीदा तरी सुटला. उत्तमराव पाहत राहिले. इतक्या वर्षांत ही गाठ कशी पडते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी बाईंनी टोक दातात धरून ओढलं, आणि देठ न दुखावता मंजिरी पट्टीवर उभी राहिली.

"करा आता चालू."

भुणभुण सुरू झाली. उत्तमरावांनी बटण जरा फिरवलं. आधी एकाच्या दोन मंजिऱ्या दिसल्या, मग धूसर झालं, मग लाइट जुळला आणि मंजिरी सावकाश डुलू लागली. एकेक बोंड वेगळं दिसत होतं. बाई खुर्चीच्या टोकावर आल्या. बघता बघता त्यांनी आपला उजवा हात त्या उजेडात धरला. उत्तमराव बटण सोडून त्या हाताकडे पाहू लागले.

हात शांत दिसला नाही. एका बोटाची चार बोटं झाल्यासारखी दिसली, एवढंच.

"मले वाटलं व्हतं, तुहा हात थांबल्यासारखा दिसन..." उत्तमराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हून बनवून राहिले व्हते काय हे?"

त्यांनी मान डोलावली. बाईंनी हात काढून घेतला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तो तिथेही थरथरत होता. "हाताचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "मंजिरी पाहा. लय चांगली डुलून राहिली."

ही फ्रेम दुकानात ठेवावी, गिऱ्हाईक खूश होईल, असं उत्तमरावांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ऑटो केला. बाईही निघाल्या. रस्त्यातल्या धक्क्यांनी गाठ सुटली तर परत बांधायला कोणी नको का, म्हणाल्या. गाठ काही सुटली नाही. पण दुकानाचं तोंड पूर्वेला, सकाळचं ऊन थेट काउंटरवर. त्या लख्ख उजेडात फ्रेमची जादूच दिसेना. नुसतीच भुणभुणणारी एक मंजिरी. शेखरने छत्री धरली, पोतं आडवं टांगलं, तरी जमलं नाही.

तेवढ्यात जाईबाई आली. जुनं गिऱ्हाईक. फ्रेमकडे तिने पाहिलंही नाही. सत्यभामाबाईंना बघून ओट्यावर टेकली, इतके दिवस कुठे होतीस म्हणून रागावली आणि गजरा मागितला. शेखर करू लागला, तर म्हणाली, तुझा नको, तुझ्या मायचा पाह्यजे. बाईंनी हात दाखवला, वेळ लागेल म्हणाल्या. जाईबाईने पिशवी खाली ठेवली आणि आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगायला घेतल्या.

गजरा अर्धा झाला, तरी कागाळ्या चालूच होत्या. उत्तमरावांनी घरी निघायचं का म्हणून विचारलं. मी शेखरबरोबर येते, तुमी जा, असं बाईंनी वर न बघताच सांगितलं.

फ्रेम मांडीवर घेऊन ते एकटेच परतले. स्वतःचा चहा स्वतः केला. दुपारी करिश्माचा फोन आला, दुकानात फ्रेम कशी दिसली म्हणून.

"दुकानात काही जमलं नाई बेटा. ऊन लय येते तिथं."

तिला वाईट वाटलं. मी येऊन पाहते, म्हणाली, आणि मग आईला फोन द्यायला सांगितलं.

"तुही आई घरी नाई," उत्तमराव म्हणाले. "दुकानात बसली हाय. संध्याकाळी कर फोन."