घरचा सूर

हिलालचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. धुळ्याची ही तिसरी खेप, आणि सालेहचाचा काही केल्या बधत नव्हता.

"जायचं तर जाऊ दे ना रूबेनला," चाचा म्हणाला. "पण मला सांगितलं कोणी? नाक्यावरच्या पानवाल्यानं! तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आणि त्याचं देश सोडून जाणं मला पानवाल्याकडून कळावं?"

"चाचा, तो इस्रायलला चालला म्हणून लोक काही बोलले का तुम्हाला?"

"लोकांना तोंड आहे, ते बोलणारच. माझं दुखणं वेगळं आहे. जा तू, बस चुकेल तुझी."

हिलाल उठला. आता या म्हाताऱ्याला काय म्हणावं! राग धरायचा तो तरी माणूस जवळ असताना धरावा. दोन दिवसांनी गाडीत बसणाऱ्यावर रुसून काय उपयोग?

सालेह चाऊसचे पणजोबा अरबस्तानातून शिपाईगिरीला इकडे आले. येताना त्यांनी ऊद आणला. मोठ्या पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. पुढे घरातलं बाकीचं अरबीपण खानदेशच्या उन्हात विरून गेलं, पण ऊद आणि त्यावरचं जुनं शास्त्रीय वादन तेवढं टिकलं. जळगावचा रूबेन झिराडकर हा बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचा ज्यू. जन्मभर रेल्वेत गार्ड. तरुणपणी भायखळ्याला एका बगदादी ज्यू उस्तादाकडे तो व्हायोलिन शिकला, तेही अस्सल अरबी ढंगाचं. धुळ्याच्या एका लग्नात या दोघांची गाठ पडली. एका अरबाला आणि एका ज्यूला त्या दिवशी कळलं, की अख्ख्या खानदेशात आपलं वाजवणं समजणारा माणूस एकच आहे, आणि तो समोर बसलाय.

अमळनेर पडतं दोघांच्या मध्ये. म्हणून दर गुरुवारी तिथं हिलालच्या ओसरीवर बैठक बसायची. धुळ्याहून एसटीनं चाचा, जळगावहून रेल्वेनं रूबेनभाऊ. हिलाल भजनात डफ वाजवायचा, तो यांच्यासोबत बसता बसता यांचा ठेका शिकला. गावातला गिरधर पेटीवालाही एकदा हौसेनं येऊन बसला. पण या संगीतातले काही सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी राहतात. गिरधरनं इकडची पट्टी दाबली, तिकडची दाबली, शेवटी भाता बंद करून म्हणाला, "हे गाणं नाही बाबा, कोणाचा तरी दात दुखतोय." तो पुन्हा फिरकला नाही.

बैठकीची रीत ठरलेली. आधी रूबेननं व्हायोलिनवर एक सूर द्यायचा. चाचानं त्या सुराला ऊदाची तार लावायची. तो घरचा सूर. मग चाचा एकटाच निघायचा, ठेका नाही की बंधन नाही, वाटेल तिथं भटकायचा. आणि भटकून भटकून थकला की रूबेनचं व्हायोलिन हळूच त्याचं बोट धरून त्याला घरच्या सुरावर आणून सोडायचं. चाचा स्वतःहून कधी परत आला नाही. "मी उंडारणार, आणायचं काम रूबेनचं," असं म्हणून तो खो खो हसायचा.

"त्या दोन म्हातारासनापायी कितला फिरशात?" धुळ्याहून परतल्यावर सुंदरबाईनं नवऱ्याला झापलं. "वावरनी बठ्ठी कामे पडेल शेतस." शेतातली सगळी कामं पडून होती, हे खरंच होतं.

"आते सरनंच समज," हिलाल म्हणाला, आणि सगळं सरलंच या विचारानं त्याला एकदम भडभडून आलं. सहा दिवस तो ढेकळं तुडवायचा ते सातव्या दिवसाच्या जोरावर. हे दोघं एकदा शेवटचं वाजवून, गोडीनं निरोप घेऊन उठले असते, तर त्यावर त्यानं उरलेलं आयुष्य रेटलं असतं. पण असं तुटून गेलं, तर मग तो नुसता बैलामागचा हिलाल. याचीच त्याला भीती वाटत होती.

जायच्या दिवशी दुपारी तो जळगाव स्टेशनवर पोचला. फलाटावर केळीच्या घडांचे ढीग, ऊन मी म्हणतंय. रूबेन ट्रंकेवर बसला होता. बायको गेल्यापासून तो खचलाच होता, आणि मुलगा तिकडून सारखा बोलावत होता.

"का नाही सांगितलं हो चाचाला?" हिलालनं विचारलं.

"जीभच रेटेना रे. दर गुरुवारी ठरवून यायचो. सांगायला तोंड उघडलं की तो ऊद काढायचा."

तेवढ्यात हिलालचं लक्ष पलीकडच्या बाकाकडे गेलं. गोधडीत गुंडाळलेला ऊद मांडीवर घेऊन सालेहचाचा बसला होता. कधीचा आला होता देव जाणे. रूबेन उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. व्हायोलिन ट्रंकेत खाली दडपलेलं. चाचानं गोधडी सोडली आणि सूर न मागताच वाजवायला घेतलं.

काय वाजवलं त्यानं! हमाल थबकले. त्यात राग होता, रुसवा होता, पानवालासुद्धा होता. हिलालनं डफ आणला नव्हता, तो नुसता मांडीवर मूठ आवळून बसला. गाडी आली तरी चाचा दूरच कुठेतरी भटकत होता. हिलालनं ट्रंक चढवली. रूबेन दारात उभा राहिला. चाचा घरच्या सुराच्या अगदी उंबऱ्याशी आला, थांबला आणि त्यानं मान वर करून रूबेनकडे पाहिलं.

गाडी हलली. रूबेनचे डोळे वाहत होते. "सालेह," तो ओरडला, "आता तूच ये रे बाबा!"

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. चाचा तसाच बसून, नखी तारेच्या वर धरलेली.

"चाचा, या ना एकदाचं घरी!" हिलाल वैतागून म्हणाला. त्याला ते अर्धवट सहन होईना.

"येत नाही रे मला," चाचा म्हणाला. "तीस वर्षं त्याच्यावर सोडलं. मला वाटच ठाऊक नाही."

हिलालला वाट ठाऊक होती. इतके गुरुवार त्यानं दुसरं ऐकलं काय होतं? पण गळा त्याचा बैल हाकणारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, लाज गिळली आणि तो सूर लावला. भसाडा, कापरा, जरा खालीच लागलेला.

चाचानं तार छेडली. सुराला सूर जुळेना. हिलाल शरमून गप्प बसणार, तोच चाचानं हातानं खुणावलं, "धरून ठेव." मग त्यानं ऊदाची खुंटी पिळली आणि तार हळूहळू खाली उतरवत हिलालच्या सुराला आणून लावली.

"गुरुवारी डफ तापवून ठेव," तो म्हणाला आणि गोधडी गुंडाळायला लागला.