करंगळीएवढी धार

तिचे वडील, अण्णा, जाऊन सतरा दिवस झाले होते आणि घर आवरायला थांबलेली ती अजून कपाटाच्या दुसऱ्याच खणापर्यंत पोचली होती. पहिल्या खणात जुने चष्मे निघाले होते, सहा. एकेक डोळ्याला लावून तिने सगळ्यांतून खिडकीबाहेर पाहिलं होतं. त्यात अख्खी सकाळ गेली होती.

दार वाजलं. पाण्याच्या पंपावरचा नवा माणूस होता. चाळिशीचा, डोक्यावरचे केस गेलेले, बोलायला लागला की थांबणं ठाऊक नसलेला.

"ताई, दोन कामं आहेत. एक म्हणजे अण्णांची चावी. ती नगरपालिकेची. म्हणजे तशी अण्णांचीच हो, पण कागदावर नगरपालिकेची."

"दाराआड उभी आहे. आणि दुसरं?"

"तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जादा व्हॉल्व्ह आहे. दुरुस्तीच्या वेळी बंद करायचा, एरवी कायम उघडा. नकाशात दिसतो, रस्त्यावर दिसत नाही. उद्यापासून नवा पंप सुरू होतोय, जोर तिप्पट. तो अर्धवट बंद असला तर जुना पाइप फुटेल, आणि मग साहेब मला फोडतील."

तिने दाराआडून चावी काढून दिली. जमिनीतले व्हॉल्व्ह फिरवायची छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर आडवी मूठ. मूठ मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती.

गाव लहान. एक दवाखाना, एक पोस्ट, दुपारी झोपणारं एक वाचनालय आणि बंद पडून गोदाम झालेलं एक थिएटर. या सगळ्याच्या आधी टेकडीवर पाण्याची टाकी आली होती, आणि टाकीच्या आधी सगळ्या गावाला मिळून एक विहीर होती. अण्णा एकोणिसाव्या वर्षी टाकीवर कामाला लागले. उजाडता उजाडता खांद्यावर चावी टाकून निघायचे आणि ओळीने पाणी सोडत यायचे. आधी बाजार, मग दवाखाना, मग शाळेमागची घरं, आणि सगळ्यात शेवटी चौकात येऊन स्वतःची गल्ली. "अण्णा अजून शाळेमागेच आहेत, म्हणजे सात काही वाजले नाहीत," असं म्हणून लोक पुन्हा कूस बदलायचे.

मात्र अण्णांच्या गल्लीतलं पाणी म्हणजे करंगळीएवढी धार. एक बादली भरेपर्यंत वर्तमानपत्र वाचून व्हायचं. "पाइप म्हातारा झालाय," अण्णा म्हणायचे. ज्यांना परवडलं त्यांनी बोअर मारली, बाकीचे घरं सोडून गेले. सातातली चार घरं आता कुलपात होती. उरल्या त्या शेजारच्या काकू. त्या चौकातल्या सार्वजनिक नळावर दोन डबे भरून ठेवायच्या, आणि अण्णा घरी येताना ते उचलून आणायचे. दोन हातांत दोन डबे, खांद्यावर चावी. काकू मागून मोकळ्या हातांनी चालायच्या आणि सूचना करायच्या.

अण्णा गेले त्या दिवशी माणसं येऊन बसली, उठली. साधा माणूस होता, शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळे म्हणाले. ते कुणाबद्दलही म्हणता आलं असतं. फक्त काकू म्हणाल्या, "एकतीस वर्षं माझे डबे वाहिले गं या माणसाने. माझ्या पोटच्याने एकदा वाहिले नाहीत." तेवढ्या एका वाक्यात तिला तिचे वडील सापडले होते. सतरा दिवस ती त्या वाक्यावर काढत होती.

नव्या माणसाने गल्लीच्या तोंडाशी पाय आपटत, कान देत दोन फेऱ्या मारल्या. मग तिच्याच घराच्या पायरीलगतच्या सिमेंटच्या कुंडीपाशी थांबला.

"हिच्यात काय लावलं होतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते विचित्र वाटलं. अण्णा वर्षातून एकदा ती कुंडी सरकवायचे, माती बदलतो म्हणून. माती कशासाठी बदलायची, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

दोघांनी मिळून कुंडी ढकलली. खाली लोखंडी झाकण होतं. त्याने चावी आत सोडली आणि फिरवायला लागला. जोर लावायच्या तयारीत असलेला तो एकदम पुढे झुकला, कारण चावी लोण्यात फिरावी तशी फिरली.

"अरेच्चा!" त्याने व्हॉल्व्ह आधी मोजत बंद केला, मग मोजत पूर्ण उघडला. "तेरा आट्यांचा आहे ताई, म्हणजे तेरा फेरे. तीनच उघडे होते."

"गंजून अडकला असेल."

"गंज कुठला? हे बघा." त्याने चावीचं टोक वर काढलं. त्यावर ताजं ग्रीस होतं. "माझ्या लग्नात मी एवढा नटलो नव्हतो. कुणीतरी दरवर्षी देखभाल करून बरोब्बर तीनवर ठेवलाय." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, आणि वाक्य तसंच सोडून तो चावीचं टोक पुसायला लागला.

ती पायरीवर बसली. दहा वर्षांची होती ती तेव्हा. केशकर्तनालयात कुणीतरी अण्णांना हसत हसत म्हणालं होतं, "ज्याच्या हाती चावी, त्याच्या दारी नदी." एवढंच. बाकीचे हसले, ते विसरूनही गेले. अण्णा घरी आले आणि ताटावरून तसेच उठले. आई म्हणाली होती, "लोकांच्या तोंडाला कुठे हात लावणार?" हात त्यांनी दुसरीकडेच लावला होता. त्याच आठवड्यात पाइप म्हातारा झाला.

स्वतःच्या घराला वेगळा व्हॉल्व्ह नव्हता. म्हणून सगळी गल्लीच.

"ताई," नवा माणूस हळू आवाजात म्हणाला, "मी गंजलेला होता असंच लिहितो. कुणाला काय करायचंय?" त्याने तेराही आटे उघडे ठेवून झाकण लावलं आणि चावी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला अशी धार सुटली की बादली कलंडली. पलीकडून काकूंची हाक आली, आणि मागोमाग काकूच आल्या, कोपरापर्यंत ओल्या, पदर खोचलेला.

"बघितलंस का? घागर भरली, पातेली भरली, आता वाट्या भरायच्या बाकी आहेत! अण्णांनीच वरून सोडलं बघ. त्या टकल्याला काय येतंय!"

ती हसली नाही. काकू दारातल्या स्टुलावर बसल्या.

"एवढं काय बिघडलं होतं गं? अण्णांनाही जमलं नाही म्हणजे मोठंच काहीतरी असणार. मी त्यांना म्हणायची, अहो, पाण्यात राहून कोरडे तुम्ही. तर मान खाली घालून डबे उचलायचे. बोलायचे नाहीत."

आता गप्प राहायचं, एवढंच काम होतं. गप्प राहिलं तर अण्णा काकूंपाशी होते तसेच राहणार होते, आणि काकू तिच्यापाशी. पण स्वतःबद्दल एक खोटा शब्द त्या माणसाला सोसवला नव्हता, आणि आता त्याच्याबद्दलचं एक खोटं जन्मभर गोड मानून घ्यायचं, हे तिला जमेना.

"काकू, काही बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. केशकर्तनालय, कुंडी, तीन आटे. कुठेही आवाज न चढवता, एखादा परिच्छेद वाचून दाखवावा तसं.

काकूंनी ऐकता ऐकता ओले हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले.

"म्हणजे उपकार नव्हते ते. भरपाई होती."

"दोन्ही असेल काकू."

"तू शिकलेली आहेस, तुला दोन्ही दिसतं." त्यांनी कमरेवर हात ठेवला. "माझं कंबरडं गेलं त्या चौकात. सून म्हणाली, इथे पाणी नाही, आम्ही राहत नाही. मुलगा तिच्या मागे गेला. हे ठाऊक होतं ना त्यांना?"

होतं. तिने मान हलवली.

"लोकांनी नाव ठेवू नये म्हणून." काकू अगदी सावकाश बोलत होत्या. "आणि तू? तू मला कशाला सांगितलंस? मी विचारलं होतं? तुझे हात स्वच्छ राहावेत म्हणून, होय ना? बापावर गेलीस."

ते खरंच होतं. इतकं खरं, की क्षणभर तिला अण्णा शेजारी बसल्यासारखे वाटले, मान खाली घालून.

काकू उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "असं भांडले असते त्यांच्याशी, असं भांडले असते! आता कुणाशी भांडू?"

"माझ्याशी भांडा काकू."

काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्यावरून त्यांची नजर खोलीत गेली, अर्ध्या बांधलेल्या खोक्यांवर.

"तुझ्याशी काय भांडायचं? तू परवा जाणार."

त्या गेल्या. भिंतीपलीकडे भांडी हलवल्याचे आवाज येत राहिले, एकामागून एक, बराच वेळ. त्यांतलं कुठलंही आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती कपाटापाशी गेली, दुसरा खण ओढून समोर घेतला आणि कान भिंतीकडे ठेवून तशीच बसून राहिली.