मूठभर वाळू

नातीला शाळेच्या प्रदर्शनासाठी नदीची मूठभर वाळू हवी होती. आजोबांनी छाती फुगवली.

"मूठभर? अगं, तीस वर्षं पंप लावून वाळू उपसलीय मी. अख्खं शहर माझ्या वाळूवर उभं आहे!"

दोघं पिशवी घेऊन नदीवर गेले. तिथे दगड होते, चिखल होता, एक मोडकी खुर्चीही होती. फक्त वाळू तेवढी नव्हती. आजोबांनी खुर्ची उचलून तिच्याखालीसुद्धा पाहिलं.

"आजोबा, नदीतली वाळू गेली कुठे?"

"बहुतेक चौथ्या मजल्यावर," आजोबा म्हणाले. "काही ठिकाणी सातव्या."

प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं. शेवटी घरी येऊन त्यांनी छिन्नी काढली आणि पलंगामागची भिंत खरवडायला घेतली. आजी दारात येऊन उभी राहिली.

"नदी खाऊन झाली, आता घर खायला घ्या!"

आजोबा खरवडत राहिले.

गिलाव्याचा भुगा चाळला तेव्हा चाळणीत नखाएवढा शिंपला उरला. नातीने तो तळहातावर घेतला.

"बिचारा! आजोबा, ह्याला त्याच्या घरी सोडून येऊ या ना."

आजोबांनी चपला घातल्या. दारापर्यंत गेले. मग परत आले आणि त्यांनी तो शिंपला भिंतीतल्या खड्ड्यात, होता तिथेच, अलगद ठेवला.

"ह्याची नदी मीच इथे आणून ठेवलीय, बाळा," ते म्हणाले.