भुऱ्याचं दावं

कुत्रं गाडीत चढायला तयार नव्हतं. मल्लिनाथअप्पांनी त्याचे पुढचे पाय पिकअपच्या फाळक्यावर ठेवून दिले, तर ते मागच्या दोन पायांवर तसंच उभं राहिलं. ना वर चढे, ना खाली उतरे.

"पोतं टाका अंगावर आन् ढकला, अप्पा," धम्मानंद म्हणाला. गाडी त्याची होती. सरकी पेंडीची पोती घेऊन तो निलंग्याहून भोकरला निघाला होता. "न्हाईतर चावंल."

"चावत न्हाई ते."

"मग पुढंच घ्या, पायाशी. माझ्या गाडीत सासू बी बसून गेलीय, कुत्र्याचं काय घेऊन बसलात."

कुत्रं पुढं आलं. अप्पांच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून बसलं. गिरणीला कुलूप लागलेलं अप्पांनी आरशातून एकदा पाहिलं, आणि गाडी लातूर रस्त्याला लागली.

निलंग्यात अप्पांची पिठाची गिरणी होती. बापाची शेती भावाकडं, गिरणी यांच्याकडं, अशी वाटणी कधीच झालेली. आखितीनंतर त्यांची बायको गुरम्मा गेली. पोटाचं दुखणं होतं. जंगमस्वामींनी सांगितलं तसं अप्पांनी सगळं केलं, शेतात खड्डा काढला, तिला बसवून माती दिली, आलेल्यांना हात जोडले. रडू आलं नाही. चार दिवसांनी गिरणी उघडली, कारण गावाला पीठ लागतंच. लोक म्हणाले, अप्पा घट्ट माणूस. घट्ट कसला? पट्टा निसटलेल्या गिरणीसारखं झालं होतं. मोटार फिरत होती, जातं जागेवरच. पुण्याहून अक्षराचा, लेकीचा, रोज फोन येई. "बाबा, जेवलात?" "जेवलो." एवढ्यावर ते बोलणं संपे.

हे कुत्रं ऊसतोडीवाल्यांचं. थंडीत गिरणीमागच्या मोकळ्या रानात हिमायतनगरकडच्या एका टोळीनं पाचटाच्या कोप्या टाकल्या होत्या. त्यातली सरजाबाई ज्वारी दळायला यायची आणि तिच्यामागं हे भुरं कुत्रं. नावही भुऱ्याच. गळ्यात लाल सुताचं दावं आणि त्याला एक घुंगरू. संध्याकाळी गिरणी झाडली की खालचं पीठ गुरम्मा गोळा करी. ज्वारी, गहू, हरभरा, सगळं एकात एक. त्याची जाड रोटी भाजून ती मागच्या दारातून हाक मारी, "बा, बा." म्हणजे ये, ये. तिचं माहेर भालकीचं. जगाशी ती मराठी बोलायची, नवऱ्याशी कानडी, आणि आता कुत्र्याशीही कानडी. भुऱ्या महिन्याभरात कानडी शिकला. गावातल्या एका कानडी घरच्या जावयाला ती वीस वर्षांत आली नव्हती.

होळी झाली, टोळी ट्रकात बसून निघून गेली आणि कुत्रं मागं राहिलं. गडबडीत विसरले असतील, असं अप्पांना वाटलं. तसं ते म्हणालेही. गुरम्मा चुलीशी होती. "इरली," एवढंच म्हणाली. म्हणजे असू दे.

ती गेल्यावर कुत्रं रोज सकाळी मागच्या दाराशी येऊन बसू लागलं. भुंकत नसे, रडत नसे. स्वयंपाकघराकडं तोंड करून नुसतं बसे. अप्पांनी बिस्किटं टाकून पाहिली. ते हुंगून बाजूला होई आणि पुन्हा दाराकडं बघे. पावसाळा निम्मा सरला तरी त्याचा नेम चुकला नाही. अप्पांना त्याचा राग येत नव्हता, दयाही येत नव्हती. दारात कुणी वाट बघत बसलेलं नको होतं, इतकंच. ज्याचं त्याला नेऊन दिलं की ते दार लावून घेता आलं असतं.

"फोन तरी करायचा आधी," अहमदपूर मागं पडल्यावर धम्मानंद म्हणाला.

"नंबर न्हाई. गाव म्हाईत हाय."

"आन् त्यांनी न्हाई घेतलं तर?"

"त्यांचंच हाय. घेतील न्हाई तर काय."

"तरी बी, अप्पा, चुकलेलं मुकं जनावर घरी पोचवायला एवढ्या लांब कोण जातं? पुण्याचं काम करून राहिलात."

"पुण्य न्हाई. कटकट हाय," अप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

नांदेडच्या अलीकडं चहाला थांबले. कुत्रं खाली उतरलं नाही. अप्पांच्या चपलेवर हनुवटी टेकून ते झोपलं होतं. अप्पांनी चहा गाडीतच मागवला. पुढं भोकरला पोती उतरेपर्यंत त्यांनी तो पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, मग त्याही थांबल्या.

रिकामी गाडी धम्मानंदनं तशीच पुढं काढली. हिमायतनगरच्या पुढं कच्चा रस्ता लागला तसं कुत्रं उठून बसलं. नाक खिडकीच्या फटीला लावलं. गावात शिरताना ते असं काही कुईकुई करायला लागलं की धम्मानंदनं गाडी थांबवून दारच उघडलं. भुऱ्या उडी मारून पळाला. देवळावरून वळून, एका पत्र्याच्या घरासमोर मुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या बाईच्या थेट मांडीवर. शेंगा उधळल्या. ती सरजाबाई होती.

"आगं माय, भुऱ्या?" ती हसत त्याला ढकलत होती आणि ते पुन्हा पुन्हा अंगावर येत होतं. मागून येणारे अप्पा दिसले तशी तिनं पदर सावरला. "अप्पा, तुमी? आन् अक्का कशा हायत?"

"गेली."

सरजाबाईचा हात कुत्र्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"कवा?"

"आखितीनंतर."

तिनं कुत्र्याला बाजूला केलं. ती उठून पाणी आणायला आत गेली. अप्पा ओट्यावर टेकले. कुत्रं अंगणात लोळत होतं, उधळलेल्या शेंगा हुंगत होतं. चला, झालं काम, असं त्यांना वाटलं. सुटलो.

मग उघड्या दारातून त्यांना आतली भिंत दिसली. भिंतीला खुंटी होती आणि खुंटीला लाल सुताचं दावं टांगलं होतं. त्याला एक घुंगरू होतं.

अप्पा शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. त्यांच्या बापानं बैल विकला तेव्हा बाजारातून तो मोकळं दावं खांद्यावर टाकून घरी आला होता आणि ते त्यानं गोठ्यातल्या मेढीला बांधलं होतं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. दावं घरात राहिलं की दावण रिकामी होत नाही. जनावर हरवलं तर दाव्यासकट हरवतं. दिलं तर दावं सोडून देतात. हे अप्पांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरी रोज सकाळी समोर येऊन बसणाऱ्या कुत्र्याचा मोकळा गळा इतक्या महिन्यांत त्यांना दिसला नव्हता.

सरजाबाई तांब्या घेऊन आली.

"हे दावं इथं कसं?" अप्पांनी विचारलं.

"मंग? कुत्रं अक्काला दिलं. दावं कसं देऊ?"

"मला वाटलं, तुमचं चुकून राहिलं."

"चुकून कसं राहील? पोराबाळावानी वाढवलेलं." ती समोर बसली. "निघायच्या आदल्या दिशी अक्का आल्या कोपीवर. म्हणल्या, सरजाबाई, तुझा भुऱ्या मला दे. मी म्हणलं, राखणीचं हाय अक्का, पोरं रडतील. तर म्हणल्या, माझं पोटातलं साधं न्हाई. लातूरच्या डाक्टरनं सांगितलंय. मी गेल्यावर आमचे हे कुणासंग बोलायचे न्हाईत, घुम्यावानी बसतील. दारात एक जीव असू दे, म्हणल्या. मंग काय बोलणार? सोडलं दावं."

अप्पांच्या हातातला तांब्या तसाच होता.

"तुमाला सांगितलं तिनं?"

"हाव."

"मला पित्त हाय म्हणली."

सरजाबाई मान खाली घालून शेंगा गोळा करायला लागली.

अप्पांना गुरम्माचा राग आला. इतका आला की कानशिलं तापली. रानातल्या कोपीत, चार महिन्यांच्या ओळखीच्या बाईला सांगितलं आणि ज्याच्या ताटात तीस वर्षं वाढलं त्याला नाही. मी काय केलं असतं? निदान लातूरला सोबत आलो असतो. गिरणी ठेवली असती बंद. भांडलो असतो. ती गेल्यापासून थांबलेलं जातं आता फिरलं, आणि ते दुःखानं नव्हे, नुसत्या रागानं. त्यांनी पाणी पिऊन टाकलं. थोडं सदऱ्यावर सांडलं.

"ठिवा म्हणाल तर ठिवते, अप्पा," सरजाबाई म्हणाली. "पोरं खूश होतील. पर दिलेलं जनावर माघारी घेत न्हाईत आमच्यात. अक्काला वर गेल्यावर काय सांगू?"

अप्पा उठले. चपला घातल्या. कुत्रं सरजाबाईच्या पायाशी जीभ काढून पडलं होतं. इतकं निवांत ते निलंग्यात कधी दिसलं नव्हतं. धम्मानंदनं गाडी घरासमोरच्या वाटेवर आणून उभी केली होती. अप्पा एकटेच गाडीपर्यंत चालत गेले, दार उघडलं आणि दाराला धरून उभे राहिले.

"चला की, अप्पा. नांदेड गाठायचंय उजेडी," धम्मानंद म्हणाला.

अप्पा वळले. घसा खाकरला.

"बा," ते म्हणाले. आवाज फाटका निघाला. घरात दोघंच कानडी बोलायचे. गुरम्मा गेल्यापासून हा एवढासा शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "बा, बा."

भुऱ्याचे कान उभे राहिले. त्यानं सरजाबाईकडं पाहिलं. ती मान वर न करता शेंगा सोलत राहिली. मग ते उठलं आणि धावत आलं. सकाळी फाळक्यावर अडलेलं ते कुत्रं एका उडीत गाडीत चढलं. अप्पांकडं त्यानं बघितलंही नाही. सीट हुंगली, सीटखाली नाक घातलं, पलीकडच्या खिडकीवर पाय टेकून बाहेर पाहिलं. पुन्हा आत वळून सगळं हुंगलं. अशी हाक मारणारी बाई तिथं कुठंच नव्हती.

अप्पा दाराशी थांबून राहिले. त्याचं शोधून होईपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही. शेवटी ते खाली उतरून बसलं, तेव्हा ते चढले आणि दार ओढून घेतलं.

"म्हणजे परत न्यायचं?" धम्मानंदनं गाडी सुरू केली. "सगळा दिवस वाया गेला की, अप्पा."

"इरली," अप्पा म्हणाले.

"काय?"

धम्मानंदला कानडी येत नव्हती. खाली भुऱ्यानं कान हलवला आणि हनुवटी त्यांच्या चपलेवर ठेवली.