पाठ केलेली चार वाक्यं

सुनीतीला इटालियन येतं म्हटलं की पांढरकवड्यात लोक आधी हसायचे आणि मग म्हणायचे, बोलून दाखव बरं. ती दाखवायचीही बोलून. भाजीवालीपुढं, बँकेच्या रांगेत, कुठंही. लाजायचं कशाला? पाठांतर ही तिच्या माहेरची इस्टेट होती. वडील विठ्ठलराव यवतमाळच्या कोर्टात हेडक्लार्क. दिवेलागणीला हातपाय धुतले की तिन्ही लेकरांना ओळीनं बसवायचे आणि रामरक्षा, अथर्वशीर्ष, सगळं घोकून घ्यायचे. मध्येच कोणी अर्थ विचारला की डोळे वटारायचे. "आधी पाठ कर. अर्थ मागून कळते." तिघांचंही पाठ झालं. अर्थ काही मागून आला नाही, आणि कोणी त्याची वाटही पाहिली नाही.

तर अशी ही सुनीती. लग्न होऊन पांढरकवड्याला आली. नवरा कपिल खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेबाला. घरामागं त्याच्या नावावरचा रिकामा प्लॉट होता, त्यावर तिनं टिनाचं शेड उभारलं आणि पळसफुलांच्या रंगात सुती ओढण्या रंगवायला लागली. सोपं नाही बरं ते. पळसाचा रंग मोठा लबाड, दोन धुण्यांत उडून जातो. हिरडा किती, तुरटी किती, फुलं वाळवायची किती दिवस, हे जमवता जमवता तिची सहा वर्षं गेली. किती कापड फुकट गेलं, किती वेळा हात पोळले, सासरच्यांनी किती वेळा तोंड वाकडं केलं, ते तिचं तिला ठाऊक. सहाव्या वर्षी रंग टिकला. त्या दिवशी ती ओली ओढणी घेऊन गल्लीभर नाचली होती.

तिच्या आत्याचा मुलगा यज्ञेश्वर, म्हणजे तिचा यज्ञेशदादा, सात वर्षं इटलीत राहून आलेला. आधी गाईंच्या गोठ्यात, मग कापडाच्या गोदामात. आता यवतमाळला असतो आणि वैशाखातही पायांत बूट घालून फिरतो. त्यानं तिच्या ओढणीचा फोटो तिकडच्या ओळखीच्या एका दुकानवालीला पाठवला. पाओला तिचं नाव. तिला रंग आवडला. चाळीस ओढण्या गेल्या, विकल्याही गेल्या, आणि बाई म्हणाली की आता मोठं काम करू, तीन वर्षांचा करार करू. पण बाईला इंग्रजी येत नव्हतं.

"मालकिणीनं स्वतः बोललं पाह्यजे," दादा म्हणाला. "मधात कोणी असलेलं तिकडच्या लोकायले आवडत नाई. मी शिकवतो तुले. धंद्यापुरतं चार महिन्यांत येते."

सुनीतीचे डोळेच भरून आले. लग्न झाल्यापासून तिला नवीन काही शिकवतो म्हणणारा हा पहिलाच माणूस. "दादा, फी काय घेशीन?" तिनं विचारलं, तर तो केवढ्यानं ओरडला. "बहिणीपासून फी घेऊ? लाज आणतं का मले?"

मग आठवड्यातून तीन दिवस, दुपारी बाराला, फोनवर शिकवणी. फात्तूरा म्हणजे बिल. काम्प्योने म्हणजे नमुना. स्पेदित्स्योने म्हणजे माल पाठवणं. स्कादेन्त्सा म्हणजे मुदत. सुनीती शब्द खोक्याच्या पुठ्ठ्यावर मराठी अक्षरांत लिहायची, पुठ्ठा भट्टीजवळ टांगायची आणि रंग उकळायच्या गंजात लाकडी दांडा फिरवता फिरवता घोकायची. कामाला असलेल्या इंदूबाईंनाही ऐकून ऐकून निम्मे शब्द पाठ झाले. उमरीकडच्या जंगलातून पळसफुलं वेचून आणणारी ही बाई. एकदा तिनं नवऱ्याला शिवी द्यायची तर "चाल रे फात्तूरा" म्हटलं, आणि शेडमधल्या बाया पोट धरधरून हसल्या.

दुसऱ्या महिन्यात दादानं चार वाक्यं दिली. "हे तुही ओळख. धंदा करणाऱ्यानं आधी आपली ओळख द्यायची असते. पक्की पाठ कर, मंग आपण पाओलाबाईले तुह्या आवाजात पाठवू."

मी क्यामो सुनीती. माझं नाव सुनीती.

सोनो उना दिपेन्देन्ते. मी मालकीण आहे.

लाद्झिएन्दा ए दि मीओ कुजीनो. हा धंदा माझ्या मेहनतीचा आहे.

दा लुई हो इंपारातो तुत्तो. हा रंग मीच शोधला.

तुम्ही म्हणाल, अहो, हातात फोन आहे, विचारायचं ना फोनला. विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण गुरूनं दिलेला धडा दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा म्हणजे त्याचा अपमान, हे ज्या घरात नकळत्या वयात अंगात मुरतं, त्या घरची ती. वर शिकवणारा सख्ख्या आत्याचा मुलगा. तिनं चार वाक्यं इतकी घोटली, इतकी घोटली की झोपेतून उठवलं असतं तरी सुरात म्हटली असती. दुसऱ्या वाक्याशी तिची मान आपोआप वर व्हायची. मी मालकीण आहे. माहेरी नाही, सासरी नाही, मराठीत तर हे वाक्य तिला कधी कोणी म्हणूच दिलं नव्हतं. आवाज पाओलाला गेला. उत्तर आलं, ब्राव्हा, ब्राव्हा! सुनीतीनं त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटले.

चौथा महिना उजाडला. करार अजून व्हायचाय असंच दादा सांगत होता, आणि त्यासाठी सोमवारी दुपारी व्हिडिओवर पाओलाशी पहिल्यांदा समोरासमोर बोलायचं होतं. दादा येणार होता. आणि सुनीतीला वाटलं, आपण दादाला चकित करू. त्यानं शिकवलंय त्याच्या पुढचे चार शब्द बोलून दाखवू. बिचारी!

शनिवारी दुपारी इंदूबाई जेवायला बसल्या, तेव्हा ती फोन घेऊन शेडच्या सावलीला बसली. 'स्वतःचा धंदा चालवणाऱ्यांसाठी इटालियन' असा एक धडा तिला सापडला. पडद्यावर एक गुबगुबीत पाववाली, पिठानं हात पांढरे, हसत सांगत होती की ही माझी भट्टी, हे माझं दुकान. खाली सोप्या इंग्रजीत अर्थ येत होता. पाववाली म्हणाली, सोनो ला तितोलारे. खाली आलं, मी मालकीण आहे. मग मागं कणीक तिंबणाऱ्या तीन पोरींकडं हात करून ती म्हणाली, हो त्रे दिपेन्देन्ती. खाली आलं, माझ्याकडं तीन नोकर आहेत.

सुनीतीनं धडा मागं घेऊन पुन्हा लावला. मग पुन्हा. तिला वाटलं, बाई चुकली. मग वाटलं, फोन चुकला. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाठ केलेल्या गोष्टीचा अर्थ दुसरीकडं जाऊन विचारला. एकेक वाक्य फोनमध्ये टाकलं, आणि एकेक वाक्य मराठी होऊन समोर आलं. मी नोकरीला आहे. हा धंदा माझ्या भावाचा आहे. मी सगळं त्याच्याकडून शिकले.

"काय झालं वो ताई?" इंदूबाई भाकर हातात घेऊनच उठल्या. "तोंड काहून असं पांढरं पडलं?"

"काही नाई," सुनीती म्हणाली. तिनं उठून भट्टीजवळचा पुठ्ठा उलटा करून टांगला.

तरीही दोन दिवस ती कोणाला बोलली नाही. कपिललाही नाही. आपल्या माणसावर संशय घ्यायला माणसाला किती त्रास होतो पाहा. चोर तिकडं निवांत, आणि लाज हिला! दादाचीच चूक झाली असेल, गोठ्यात राहून शिकलेली भाषा, शब्द उलटेपालटे झाले असतील, असं ती स्वतःलाच समजावत राहिली.

सोमवारी दादा आला. बूट दाराशी काढले, चहा घेतला, कपिलच्या पाठीवर थाप मारली. कपिल त्या दिवशी दुकानात गेला नव्हता. सुनीतीनं ताटलीत चिवडा घालता घालता सहज विचारलं, "दादा, मालकिणीले काय म्हणतात बापा? पाहा ना, ऐन वेळेवर विसरून राह्यली मी."

त्यानं तिच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "दिपेन्देन्ते. वेडी कुठली! इतकी घोकली अन् विसरली?" आणि मायेनं तिच्या डोक्यावर टपली मारली.

ती टपली तिच्या पार जिव्हारी लागली. चूकबीक काही नव्हती. केसानं गळा कापला होता, आणि कापताना वरून लाड केले होते.

फोन शेडमध्ये दोऱ्यांवर वाळणाऱ्या ओढण्यांपुढं ठेवला. पाओला दिसली. पांढऱ्या केसांची, चष्म्याची, हसऱ्या तोंडाची बाई. दादा लगेच पुढं सरकून घडाघडा बोलायला लागला. सुनीतीनं त्याच्या छातीपुढं हात आडवा घातला.

"सिन्योरा," ती म्हणाली, "ला तितोलारे सोनो ईओ." मालकीण मी आहे.

दादाचा चेहरा उतरला. "सुनू, हे काय बोलून राह्यली?"

"तू गप. मी बाईशी बोलून राह्यली."

पाओला गोंधळली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तशी बोलली, आणि सुनीतीला तिचा शब्द न् शब्द कळला. चार महिन्यांत इतकं कधीच कळलं नव्हतं. बाई म्हणाली, पण तूच तर तुझ्या आवाजात मला सांगितलंस, मालक तुझा भाऊ आहे. मी त्यावरच विश्वास ठेवला. कोन्त्रात्तो ए फिर्मातो. करारावर सह्या झाल्या. मागच्या महिन्यातच. तुझ्या भावाची सही आहे, माझी आहे. मग तिनं एक कागद उचलून पाहिला आणि म्हणाली, आंके तुओ मारीतो आ फिर्मातो.

मारीतो म्हणजे नवरा. तुझ्या नवऱ्यानंही सही केलीय.

सुनीतीनं वळून पाहिलं. कपिल शेडच्या दारात उभा होता, एक हात चौकटीवर. तिनं त्याच्याकडं पाहिलं तेव्हा त्यानं खाली पायांकडं पाहिलं.

"अहो?" ती म्हणाली.

तिकडं पाओला विचारत होती, मग माझ्या ओढण्यांना रंग कोण देणार? कि फारा इल कोलोरे? दादानं फोनकडं हात नेला, पण सुनीतीनं आधी उचलला. तिच्या मागं इंदूबाई हातातला दांडा थांबवून उभ्या होत्या. रंग कसा टिकतो ते या जगात तिला एकटीला ठाऊक होतं, आणि हे दादाच्या आत्ता ध्यानात येत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"क्येदा आल तितोलारे," सुनीती म्हणाली. मालकाला विचारा. हे वाक्य तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं फोन बंद केला आणि इंदूबाईंना भट्टी विझवायला सांगितली.

मग दादा बोलायला लागला. काय काय बोलला! अगं, घरातलंच तर आहे, नाव कोणाचं का असेना. बाईच्या नावावर मोठा करार कोणी करत नाही. आता तू हात वर केले तर माही इज्जत जाईन तिकडं, आई काय म्हणंल, अशी काहून करतं. सुनीतीनं एकदाच सांगितलं, "यज्ञेश्वर, बूट घाल अन् निघ." दादा म्हणाली नाही. तो कपिलकडं पाहत पाहत निघून गेला.

कपिल अजून दारातच. "मले वाटलं तुले माहीत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?"

"हेच. यज्ञेशभाऊ म्हणत होते का तिकडं पुरुषाचं नाव लागते. अन् जागा माह्या नावावर, म्हणून माही सही पाह्यजे. मी म्हटलं, होते काम तर होऊ दे. तुलेच फायदा होईन."

"मले सांगितलं काहून नाई?"

कपिलनं चौकटीवरचा हात काढून खिशात घातला.

"कुठं हाय तो कागद?"

तो आत गेला. सुनीतीही मागोमाग गेली. त्यानं लोखंडी कपाट उघडलं, तिच्याच साड्यांची चळत उचलली आणि खालून स्टॅम्पपेपर काढून दिला. महिनाभर ती त्याच चळतीतून साड्या काढत होती, ठेवत होती. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि वाचायला लागली. 'मी, लिहून देणार, कपिल, राहणार पांढरकवडा, या कागदाद्वारे जाहीर करतो की माझ्या मालकीच्या जागेतील रंगकामाचा व्यवसाय हा श्री. यज्ञेश्वर यांचा असून माझी पत्नी सुनीती ही त्यांचेकडे मजुरीने काम करते.' खाली तारीख होती. त्याखाली कपिलची सही होती, वळणदार, लग्नाच्या नोंदवहीत केली होती तशीच.

तिनं कागद शेवटपर्यंत वाचला. तो साध्या मराठीत होता आणि त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ तिला कोणाला विचारावा लागला नाही.