तुळजाबाईची साक्ष

उत्तरेश्वर ऑक्टोबरात गेला. तुळजापुरात नवरात्राची गर्दी होती, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्यांना थांबायला जागा नव्हती, आणि त्यातच एका लॉजची संडासाची टाकी तुंबली. उत्तरेश्वर त्या लॉजवर खोल्या झाडायचं, चादरी बदलायचं काम करायचा. टाकीत उतरायला दुसरं कुणी तयार होईना, तेव्हा मॅनेजरनं त्याला उतरवलं. तो वर आला नाही. मॅनेजरनं जबाब दिला, की माणूस दारू पिऊन आला होता, झाकण उघडं होतं, तोल जाऊन पडला.

प्रेत त्याच्या गावी, मुरुमला आणायला वाहन मिळेना. शेवटी कॅथलिक शाळेच्या फादरांनी शाळेची गाडी पाठवली. उत्तरेश्वर रविवारी जायचा तो पास्टर इंद्रजितच्या पत्र्याच्या हॉलमध्ये. पण हॉलला कब्रस्तान नव्हतं. गावात कब्रस्तान होतं ते जुन्या मिशनच्या चर्चचं, आणि त्याची बायको तुळजाबाई त्या चर्चची. म्हणून माती द्यायला फादर, पास्टर इंद्रजित आणि जुन्या मिशनचे पाळक शांतवन साहेब, असे तिघंही एका कबरीपाशी उभे राहिले. तिघांनी आळीपाळीनं प्रार्थना केली. मुरुममध्ये असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

जुन्या मिशनमधलेच बब्रुवान गुरुजी त्या दिवशी रडले. उत्तरेश्वर त्यांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला होता, हे एक कारण. दुसरं कारण ते कुणाला सांगत नसत. त्यांचा धाकटा भाऊ बलभीम वीस वर्षांपूर्वी चर्चच्या पंचांच्या निवडणुकीवरून भांडून जुन्या मिशनमधून बाहेर पडला होता. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं तुटलं. बलभीम वारला तेव्हा गुरुजी मयतीला गेले, पण मागं, गर्दीत उभे राहिले. पुढं या म्हणून कुणी बोलावलं नाही. त्यामुळं तीन मंडळ्यांचे तीन सेवक एका जागी उभे बघून त्यांना वाटलं, की देवानं आपल्याला एक काम दिलं आहे.

कब्रस्तानातून परतताना फादर म्हणाले होते, की वर्षातून एकदा तरी आपण सगळ्यांनी मिळून काही केलं पाहिजे. ते शब्द गुरुजींनी धरून ठेवले. महिनाभरात ऐक्य समिती झाली. गुरुजी सचिव. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिन्ही मंडळ्यांनी मिळून ‘न्याय आणि शांती रविवार’ पाळायचा असं ठरलं. पहिल्याच बैठकीत फादरांनी सुचवलं, की तुळजाबाईनं साक्ष द्यावी, म्हणजे सगळ्यांपुढं उभं राहून आपल्यावर काय गुजरलं ते सांगावं. पाच मिनिटं. ज्याच्या मरणानं आपण एकत्र आलो त्याच्यासाठी एवढं तरी करू. सगळ्यांनी मान डोलावली. गुरुजी त्याच संध्याकाळी तुळजाबाईच्या घरी जाऊन सांगून आले.

ती पस्तिशीची, कमी बोलणारी बाई. तिच्या आजीनं नवस केला होता म्हणून हे नाव. पुढं घर ख्रिस्ती झालं तरी ते तसंच राहिलं. नवरा गेल्यापासून ती एकच गोष्ट धरून बसली होती. लॉजवाल्यांनी काही द्यावं, असं ती कधी म्हणाली नाही. फक्त म्हणायची, तो पिलेला नव्हता, हे कागदावर यायला पाहिजे. त्यासाठी तिनं अर्ज दिला होता. दर पंधरा दिवसांनी ती तुळजापूरला जायची, पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसायची, आणि प्रेताच्या तपासणीचा अहवाल अजून आला नाही हे ऐकून शेवटच्या एसटीनं परत यायची. साक्षीचं ऐकून ती गुरुजींना म्हणाली, “समद्यांच्या म्होरं बोलायचं व्हय? मग बोलंन की.”

पुढच्या बैठका मात्र सोप्या गेल्या नाहीत. गीतं कुठल्या पुस्तकातली घ्यायची यावर दोन बैठका गेल्या. प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे पवित्र भोजन, एकत्र घेता येणार नाही, हे फादरांनी आणि पाळकसाहेबांनी दोघांनीही, वेगवेगळ्या कारणांसाठी, सांगितलं. उपदेश कुणी करायचा यावर पास्टर इंद्रजित रुसून उठून गेला. गुरुजी त्याच्या घरी दोनदा जाऊन त्याला परत घेऊन आले. प्रत्येकाच्या दारात ते गेले, प्रत्येकाचं ऐकून घेतलं, आणि चौथ्या बैठकीपर्यंत सगळं मार्गी लागलं असं त्यांना वाटलं.

चौथ्या बैठकीत इंद्रजितनं तुळजाबाईच्या साक्षीचा विषय काढला. तो तिशीचा पोरगा, उमरग्याकडचा, एरवी आवाज चढवून बोलणारा. त्या दिवशी तो हळू बोलत होता.

“माझ्या हॉलवर दोनदा माणसं येऊन गेली, गुरुजी. कोण येतं, का येतं, विचारलं. आधार कार्डं मागितली. त्या लॉजवाल्याची ओळख वरपर्यंत हाय. त्यानं, हितं धर्म बदलत्यात म्हणून, एक अर्ज दिला तर माझा हॉल बंद. माझी चाळीस घरं कुठं जातील?”

पाळकसाहेबांनीही चष्मा पुसत सांगितलं, की चर्चच्या जागेचं प्रकरण आधीच तहसीलमध्ये अडकलंय, आत्ता कुणाचा रोष नको. फादर म्हणाले, की शाळेत तुळजापूरकडची मुलं आहेत, पालक विचारतील. पण समिती जे ठरवेल ते मला मान्य.

तिघंही गुरुजींकडं बघू लागले. गुरुजींना दिसलं, की आता आपण ताणून धरलं तर हे मोडणार. तीन महिन्यांचं काम मोडणार, आणि पुन्हा वीस वर्षं कुणी कुणाच्या दारात जाणार नाही. मार्ग त्यांनीच काढला. साक्ष नको. नाव नको. त्याऐवजी ‘सर्व श्रमिकांसाठी प्रार्थना’ ठेवू. त्यात तोही आलाच.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पास्टर इंद्रजितनं त्यांचा हात हातात घेतला. तुळजाबाईला सांगायचं कामही गुरुजींवरच आलं.

ते दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग म्हणाले, रविवारी चर्चनंतर सांगू. रविवारी ती दोन बायकांबरोबर होती. असं करता करता पत्रिका छापून आल्या, वाटल्या गेल्या, आणि कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना तुळजाबाईच गुरुजींच्या घरी आली. जोत्याच्या कडेला बसली. म्हणाली, “गुरुजी, माझं तेवढं लिवून द्या. बोलताना इसरंन म्या. लेक वाचून घेईल माझ्याकडनं, पाठ करंन.”

गुरुजींनी सांगायला तोंड उघडलं. पण तिनं बोलायला सुरुवात केली होती, आणि ते आत जाऊन कागद आणि पेन घेऊन आले.

“लिवा. माझ्या मालकाचं नाव उत्तरेश्वर. त्यो पडला न्हाय. त्याला उतरवला. चार वर्सं झाली त्यानं दारूला हात लावला न्हाय. त्या दिशी पहाटंच्या गाडीनं गेला. जाताना निजलेल्या लेकीचा मुका घेतला. ती जागी झाली, आन् म्हणली, दादा, तुमच्या तोंडाला साबणाचा वास येतोय.” ती थांबली. “हे लिवावं का? हसतील का लोक?”

“न्हाय हसणार,” गुरुजी म्हणाले.

“मग लिवा. दुपारी त्यो गेला. कागदावर लिवलंय दारू पिऊन. लेक साळंत जाती. पोरं तिला म्हणत्यात, तुझा बाप पिऊन गटारात पडला. म्हणून म्या उभी हाय. मला दुसरं काय मागायचं न्हाय.”

गुरुजींनी ते सगळं मोठ्या, सुट्या अक्षरात लिहिलं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या अक्षरात. तिनं कागद घेतला, उलटसुलट बघितला, घडी करून कमरेला खोचला.

“पाच मिन्टात बसंल का?”

गुरुजी म्हणाले, “बसेल.”

ती गेल्यावर त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, की तुम्ही तिला सांगितलं का नाही? गुरुजी जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले.

रविवारी जुन्या मिशनच्या आवारात मांडव घातला होता. अडीचशेवर माणसं आली. अणदूरहून, नळदुर्गाहून टेम्पो भरून आले. मराठीत गीतं झाली, एक कानडीतही झालं. फादरांनी न्यायावर वचन वाचलं, पाळकसाहेबांनी उपदेश केला, पास्टर इंद्रजितनं शांतीसाठी अशी प्रार्थना केली की बायका पदरानं डोळे टिपू लागल्या. एकमेकांचे हात धरा म्हटल्यावर वीस वीस वर्षं न बोललेल्या माणसांनी हात धरले. बलभीमची सून गुरुजींजवळ आली आणि वाकून पाया पडली. एरवी त्या एका क्षणासाठी गुरुजींनी आयुष्य दिलं असतं.

तुळजाबाई बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. इस्त्री केलेलं हिरवट लुगडं, केसांना तेल. सर्व श्रमिकांसाठी प्रार्थना झाली. आशीर्वाद झाला. जेवणाची घोषणा झाली. माणसं उठली, सतरंज्या ओढल्या जाऊ लागल्या, तरी ती बसून होती.

गुरुजी तिच्याजवळ गेले.

“वेळ पुरला न्हाय बघ,” ते म्हणाले.

तिनं वर बघितलं. रागावली नव्हती. तिला त्यांचीच कीव आल्यासारखं दिसलं.

“गुरुजी, पत्रिका लेकीनं कवाच वाचून दावली. माझं नाव न्हाय, मालकाचंबी न्हाय, मला ठावं हुतं. म्हणूनच तर म्या तुमच्याकडं आले हुते लिवून घ्यायला. म्हणलं, गुरुजी सांगतील. तुमी लिवून दिलं, म्हणून वाटलं काढला असंल काय तरी मार्ग.”

ती उठली. जेवायला थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात समितीची आढावा बैठक झाली. सगळे खूश होते. पुढच्या वर्षी उमरग्याच्या मंडळ्यांनाही घ्यायचं, असं ठरत होतं. गुरुजी मध्येच म्हणाले, की तुळजाबाईची तुळजापूरची तारीख बुधवारी आहे, मी तिच्याबरोबर जाणार आहे, कुणी येत असेल तर यावं. इंद्रजित खाली बघत म्हणाला, “माझ्या गाडीनं जाऊ. मी लांब उभा राहीन, पण येतो.”

बुधवारी सकाळी दोघं तिच्या घरी गेले. ती अंगणात भांडी पोत्यात भरत होती. पास्टर आलेले बघून तिनं डोक्यावर पदर घेतला, सतरंजी टाकली.

“तारखंला जायचं न्हाय आता,” ती म्हणाली. “मंगळवारीच सही करून आले. माझी कुणाविरुद्ध तक्रार न्हाय, म्हणून.”

कागदावर काय काय लिहिलं होतं, गुरुजींनी विचारलं.

“त्यांनी वाचून दावलं. मालक पिऊन पडला, हेबी हुतं त्यात.” तिचा आवाज तसाच होता. “लॉजवरली दोन मान्सं आली हुती सोमवारी. दमदाटी न्हाय केली. चांगलं बोलली. म्हणली, बाई, तुमच्या चर्चचा एवढा मोठा कार्यक्रम झाला, न्यायाचा. तुमच्या लोकांनीबी त्याचं नाव घेतलं न्हाय. त्यांना खरं वाटलं असतं तर घेतलं नसतं का?” ती पोत्याचं तोंड बांधू लागली. “मला काय बोलावं सुचंना, गुरुजी. तुमी असता तर काय बोलला असता?”

इंद्रजित उठून बाहेर गेला. तो गाडीजवळ तोंड फिरवून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलताना गुरुजींना दिसत होते.

तुळजाबाई लेकीला घेऊन सोलापूरला भावाकडं गेली. लेकीची शाळा बदलली, हे बरं झालं, असं लोक म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये सूचनांच्या वेळी गुरुजी उभे राहिले. लग्नाच्या, आजाऱ्यांच्या सूचना झाल्या होत्या. ते म्हणाले, की उत्तरेश्वर पिलेला नव्हता. त्याला टाकीत उतरवलं. हे मला माहीत होतं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मीच त्याचं नाव काढून टाकलं. वाक्य संपल्यावर कुठं बसावं ते त्यांना कळेना. पाळकसाहेबांनी थोडं थांबून पुढच्या गीताचा नंबर सांगितला. बाहेर पडताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, की गुरुजी, तब्येत बरी आहे ना?

एप्रिलमध्ये ते सोलापूरला गेले. पत्ता शोधत शोधत दुपारी पोचले. तुळजाबाई एका शिलाई कारखान्यात धागे कापायला लागली होती. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून भेटली. तिनं चहा केला. लेक वर्गात दुसरी आली असं सांगितलं. गुरुजींनी चहा संपवला आणि चर्चमध्ये काय बोललो ते सांगितलं.

तिनं नीट ऐकून घेतलं.

“किती मान्सं हुती?”

“बावीस-तेवीस.”

“बरं केलं,” ती म्हणाली. मग रिकामा कप उचलून घेत म्हणाली, “गुरुजी, तुमी वयानं मोठे, तुमाला नका येऊ म्हणायला जीभ रेटत न्हाय. पर तुमी आलात की ते समदं परत दारात येतंय. लेकीला आता कुठं झोप लागाय लागलीय.”

गुरुजींनी मान हलवली. उठताना त्यांनी तिच्याकडं माफी मागितली. ती दारापर्यंत आली, आणि कोपऱ्यावरून उमरग्याकडं जाणारी गाडी कुठं थांबते ते नीट समजावून सांगितलं.

ते पुन्हा गेले नाहीत. समिती अजून आहे. दुसऱ्या वर्षीचा कार्यक्रम उमरग्याला झाला, आणखी मोठा झाला. गुरुजींनी सचिवपद सोडलं होतं, पण ते गेले, आणि मांडवात अगदी मागं, चपला काढतात तिथं बसले. बलभीमच्या सुनेनं पुढं या म्हणून दोनदा बोलावलं. त्यांनी हातानंच नको म्हटलं.