शून्याच्या मागचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. पायात रुतणारा काटा लगेच कळतो आणि उपटून फेकता येतो. मी मात्र स्वयंपाकघरातला, ओट्याच्या कोपऱ्यात मुकाट बसणारा. माझ्यावर भरवसा ठेवल्यामुळे एका सरळ बाईवर आळ आला. काटकसरीचे धडे तुम्हाला पुष्कळ जण देतील. हा धडा मात्र माझ्याकडूनच ऐकावा लागेल, म्हणून सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची पट्टी गुंडाळून माझी स्प्रिंग केली, तिच्यावर परात बसवली आणि तबकडीवर लाल काटा. शून्याच्या किंचित मागे एक बारीक खिळा ठोकला, काटा उलट्या दिशेने घसरू नये म्हणून. पाठीशी एक चक्री बसवली. ती फिरवली की काटा शून्यावर आणता येतो. तपासणाऱ्या बाईने माझ्यावर एकेक वजन ठेवून पाहिले, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. तिच्या त्या मान डोलावण्याचा मला फार दिवस अभिमान होता.

मी ज्या घरी आलो तिथे आई, बाबा आणि त्यांची लेक राहत होती. लेकीला प्रत्येक गोष्टीचे कारण लागे, म्हणून बाबा तिला शंकाबाई म्हणत. पहिली काही वर्षे मी हौसेपुरता होतो. कधी केक, कधी मुरंबा. मग लोक विसरले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे माझ्या परातीवर धुळीशिवाय कोणी बसले नाही.

बाबा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. तिथले काम घटले आणि त्यांच्या पाळ्या कमी झाल्या. तेव्हा आईने मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि म्हणाली, "भाडं ऐकत नाही, वीज ऐकत नाही. ऐकतं ते फक्त पोट. आता सगळं मोजून."

मित्रांनो, आईची काटकसर पाहण्यासारखी होती. बाजार उठायच्या वेळी ती भाजी आणायला जाई, कारण तेव्हा विकणाऱ्यालाही ओझे परत न्यायचे नसते. जाण्याआधी ती पोटभर खाई. "भुकेल्या माणसाचे डोळे महाग असतात," ती म्हणे. फ्लॉवरचे दांडे आणि मुळ्याचा पाला तिने कधी फेकला नाही. कडधान्य भिजवून शिजवी आणि उकळी आली की गॅस बंद करून भांडे जुन्या शालीत गुंडाळून ठेवी. उरलेली डाळ दुसऱ्या दिवशी कणकेत जाई. शिळ्या पावाचा चुरा सूप दाट करी. आणि प्रत्येक गोष्ट आधी माझ्यावरून जाई. माणशी तांदूळ इतके, डाळ इतकी.

धान्य ठेवायला तिने माझ्या परातीवर एक छोटा काचेचा वाडगा ठेवला होता. बाबांनी चक्री फिरवून काटा शून्यावर आणून दिला. वाडग्याचे वजन वजा झाले, उरले ते नुसत्या धान्याचे. सगळे चोख चालले होते.

एके दिवशी वाडग्याला तडा गेला. काचेची कपची अन्नात नको म्हणून आईने तो बाजूला केला. पण फेकला नाही, खिडकीत कपड्यांचे चिमटे ठेवायला घेतला. त्याच्या जागी तिने एक हलका प्लॅस्टिकचा डबा ठेवला. काट्याकडे पाहिले. तो शून्यापाशी होता. ती समाधानाने कामाला लागली.

काटा शून्यापाशी होता खरा, पण स्वतःहून उभा नव्हता. वाडगा जड होता, डबा हलका. काट्याला अजून मागे जायचे होते आणि खिळ्याने त्याला अडवले होते. तो खिळ्याला टेकून उभा होता. हे मला आतून जाणवत होते. पण मला वाचा नाही. तेव्हापासून मी जे काही दाखवले ते खऱ्यापेक्षा कमी होते.

आता यातून काय झाले पाहा. आई तांदूळ घेताना काटा ठरल्या जागी येईपर्यंत घाली, म्हणजे नकळत जास्त घाली. भात भरपूर होई. बाबा दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणत, "हल्ली तुझ्या हाताला बरकत आली आहे." पण डबे महिना संपण्याआधीच रिकामे होऊ लागले. मग आईने दुकानातून आणलेल्या पुड्या माझ्यावर ठेवून पाहिल्या. एकही पुरी भरेना.

आई सुटे धान्य घेई, कारण पाकिटातले महाग. कोपऱ्यावरच्या दुकानात एक मावशी आधीच पुड्या बांधून ठेवत. बोलता बोलता त्यांचे हात चालत, दोऱ्याला गाठ मारताना त्या गिऱ्हाइकाच्या घरची खुशाली विचारत.

आईने डब्यासकट मला पिशवीत घातले आणि ऐन गर्दीच्या वेळी दुकानाच्या फळीवर आणून ठेवले. डाळीची पुडी डब्यात ठेवली.

"बघा," ती म्हणाली, "सगळ्यांनी बघा."

दुकानदाराने तीच पुडी आपल्या काट्यावर ठेवली. पुरी भरली.

"हे काय, बरोबर तर आहे."

"तुमचा काटा तुमचंच मीठ खाणार," आई म्हणाली. लोक हसले.

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "मलाही साखर हल्ली पुरत नाही."

"मला तर केव्हापासून वाटतच होतं," मागून कोणीतरी म्हणाले.

मावशी पुढे आल्या. "ताई, मी कशाला माप मारीन? पुडीत कमी घातलं तर ते काय माझ्या घरी येतं?"

"ते तुम्हालाच ठाऊक, मावशी."

त्या फळीवर दुकानाची पितळी वजने ओळीने मांडलेली होती. त्यातले एखादे कोणी माझ्यावर ठेवले असते, तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. कोणाला सुचले नाही. मी थरथरलो असतो तरी कोणाला शंका आली असती. पण मी नेहमीसारखा ठाम उभा राहिलो, आणि लोकांना ठामपणा खरा वाटतो.

दुकानदाराने गर्दीकडे पाहिले. मग मावशींकडे न पाहता म्हणाला, "मावशी, उद्यापासून राहू द्या."

मावशींनी कमरेचे फडके सोडले, त्याची नीट घडी घातली. "माझा चहाचा कप आत मोरीवर आहे. तो नेऊ ना?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या दिवशी जेवताना बाबा आईला म्हणाले, "तू वकीलच व्हायचीस." आई हसली. मी ओट्यावर होतो. मला माझ्या परातीचे ओझे झाले होते.

पुढचे सामान दुकानदाराने स्वतःच्या हाताने बांधून दिले. ते माझ्यावर ठेवायला लेक आली. पुन्हा सगळे कमी.

"म्हणजे मालकच चोर," आई म्हणाली. "चोराच्या उलट्या बोंबा."

लेकीने तांदळाची मोठी पुडी पाहिली, पिठाची पाहिली, मग चहाची लहान पुडी ठेवली. ती जेमतेम निम्मी भरली.

"आई, मोठ्या पुडीत जेवढं कमी, तेवढंच लहानीत कमी. चोर असा सारखा वाटा मारतो का?"

"चोराचं गणित मला काय विचारतेस?"

"आणि चहा अर्धाच असता तर पुडी हातात घेतानाच कळलं नसतं का?"

ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने डबा रिकामा केला आणि त्यात चमच्याने मीठ घालू लागली. एक चमचा. माझा काटा हलला नाही. आणखी एक. काटा जागचा हलेना. आई हातातले काम सोडून जवळ आली. मिठाचा ढीग झाला, आणि मग कुठे काटा खिळ्यावरून सुटून पुढे सरकला.

लेकीने खिडकीतला वाडगा आणला, चिमटे ओतून काढले आणि तो डब्याच्या जागी ठेवला. काटा शून्यावर येऊन अलगद थांबला.

आईने मिठात बोट घातले आणि तसेच ठेवले.

"मी भांडं बदललं," ती म्हणाली. "चक्री फिरवली नाही."

आईने रिकामा डबा परत ठेवून चक्री फिरवली. मी पुन्हा खरे बोलू लागलो. आता कोणाला काही कळायचे कारण नव्हते. बाबांनी समजूत घातली, "चूक कोणाकडूनही होते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लेक म्हणाली, "मूठ आपली झाकली, बाबा. मावशींची उघडी पडली ना."

त्यानंतर आई लांबच्या दुकानात जाऊ लागली. तिथे सगळे पाकिटात आणि महाग, पण तिथे तिला कोणी ओळखत नव्हते. एक पान वाया न घालवणारी बाई बटाट्याची साल जाड काढू लागली. शालीत गुंडाळलेले भांडे एकदा तसेच विसरली आणि डाळ आंबली. ती टाकून देताना तिचे डोळे भरले, आणि ते डाळीसाठी नव्हते. माझी अवस्था वेगळी नव्हती. ती माझ्यावर तांदूळ ठेवी आणि नजर दुसरीकडे वळवी. मीही तिच्याकडे पाहू शकलो असतो तर पाहिले नसते.

शेवटी एका संध्याकाळी तिने मला, डब्याला आणि वाडग्याला पिशवीत घातले. बरोबर लेकीला घेतले. तीच गर्दीची वेळ निवडली. फळीवर मला ठेवून तिने चक्री मुद्दाम चुकीच्या जागी नेली आणि सगळ्यांसमोर मिठाचा तो प्रयोग करून दाखवला.

"पुड्या पुऱ्या होत्या," ती म्हणाली. "चूक माझी. मावशींची नाही."

दुकानदार वैतागला. "त्या दिवशी माझा काटा खोटा, आज तुमचा. लोकांनी मानायचं काय?"

रांगेत तेच आजोबा होते. ते हळूच म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण माझी साखर खरंच पुरत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला कळले की आळ टाकायला एक पुडी पुरते, पण तो पुसायला मिठाचे पोते ओतले तरी अपुरे पडते.

"मावशींना परत बोलवा," आई म्हणाली.

"मी बोलावीन. येतील का, ते तुम्हीच विचारा."

आई तशीच मावशींच्या खोलीवर गेली. मी पिशवीत होतो. मावशी जमिनीवर बसून कागदी पिशव्या चिकटवत होत्या. आईने उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

"दुकानात, सगळ्यांदेखत सांगितलंत?" मावशींनी विचारले.

"हो. आत्ताच."

"बरं केलंत." त्यांनी एक पिशवी दाबून बाजूला ठेवली. "परवा शेजारीण उसनी साखर न्यायला आली. माझ्याकडे पाहतच नव्हती. मी वाटी पुरी भरते का, ते पाहत होती."

आई खाली बसली. "मी काय करू, मावशी, सांगा."

"काय करणार? लांबून चालत आलात, पाणी घ्या. कामावर मी येईन. रुसून बसण्याएवढी माझी ऐपत नाही."

मावशी परत आल्या. पण आधी बांधून ठेवलेल्या पुड्या त्यांनी बंद केल्या. आता त्या गिऱ्हाइकासमोरच वजन करतात, गप्पा न मारता. आई पुन्हा त्याच दुकानात गेली तेव्हा काय झाले, ते लेकीने घरी येऊन बाबांना सांगितले. आई ओशाळून डब्यांच्या मांडणीकडे पाहत उभी होती.

"ताई, इकडे बघा. काटा बघा," मावशी म्हणाल्या.

"नको मावशी, माझा विश्वास आहे."

"विश्वास काय, आधीही होताच की. बघा."

मित्रांनो, तुम्हीही घरात मोजूनमापून वागा. अन्न वाया घालवू नका, पाला-दांडे फेकू नका. माझ्यासारखा काटा घरात असेल तर भांडे बदलताच त्याची चक्री पाहा. आणि कोणाकडे काही कमी भरले असे वाटले, तर बाजारात ओरडण्याआधी घरात थोडे मीठ ओतून पाहा. ते मीठ पुन्हा बरणीत भरता येते.

आई अजून त्याच दुकानात जाते. मावशी वजन करतात, आणि पुडी बांधून होईपर्यंत आई काट्यावरून नजर हलवत नाही. मावशींनी तसे सांगितले आहे.